बिरड्याचा सण आणि भिंतीवरचं कालनिर्णय : ठाण्यातल्या एका घराचं ज्यू वर्ष

"आपली दिवाळी एवढी उशिरा का येते?"

डिसेंबर २०२३. विचारणारा पाच वर्षांचा. समोर हनुक्काचा, आपल्या दिव्यांच्या सणाचा, आठ वातींचा दिवा, आणि सोसायटीतले आकाशकंदील उतरून महिना होत आलेला. वडील म्हणाले, "कारण आपण ज्यू आहोत." मुलाने मान डोलावली आणि तो कार्टून बघायला पळाला. त्याच्या आईने दुसऱ्या दिवशी मला फोन केला. "मावशी, मला स्वतःलाच धड माहीत नाही गं. त्याला काय सांगू?"

घर ठाण्यातलं, बेने इस्राईल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. नावं मुद्दाम देत नाही. मुलांना थोरली आणि धाकटा म्हणते. त्यांची आई माझी भाची. आई-वडील दोघं नोकरीला, मुलं इंग्रजी माध्यमात, घरात मराठी. हिब्रू प्रार्थनेपुरती, तीही देवनागरीत लिहून घेतलेली. मी ३३ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, त्यामुळे नात्यातली अशी कामं आपसूक माझ्याकडे येतात.

खरी अडचण मुलाच्या प्रश्नाच्या आधीच सुरू झाली होती. घरातले सण भाचीच्या सासूबाई चालवत. २०२३ च्या उन्हाळ्यात त्या इस्राएलमधल्या अश्दोदला मुलीकडे कायमच्या राहायला गेल्या. पातेली इथे राहिली, प्रमाण त्यांच्याबरोबर गेलं. कुठल्या दिवशी काय करायचं हे त्या सांगत आणि बाकीचे करत. का करायचं हे कोणी विचारलं नव्हतं. रोश हशानाला, म्हणजे नव्या वर्षाला, हलवा होतो; पेसाहला, म्हणजे इजिप्तच्या गुलामगिरीतून सुटल्याच्या सणाला, पाव घरात नसतो; योम किप्पूरला, म्हणजे क्षमा मागायच्या उपासाला, पांढरे कपडे. भाचीला एवढंच येत होतं, आणि खरं सांगायचं तर माझंही ज्ञान याहून फार पुढे नव्हतं.

माझी पहिली चूक

मास्तरीणबाई काय करणार? मी इंटरनेटवरून रंगवायचे कागद काढले. मधाची बरणी, सफरचंद, बर्फात उभं घर, खिडकीत मेणबत्त्या, काळा कोट घातलेले आजोबा. चार रविवार आम्ही ते रंगवले. धाकट्याने सगळं हिरवं केलं, बर्फसुद्धा. थोरली मात्र चित्र नीट बघणारी मुलगी. चौथ्या रविवारी तिने पेन्सिल खाली ठेवली. "हे लोक कुठे राहतात?" मी म्हटलं, अमेरिकेत असतील. "म्हणजे आपण त्यांचे सण करतो?"

हे मला लागलं. कोकणात कित्येक शतकं काढलेल्या माणसांच्या पणतीला आपला सण बाहेरून मागवलेला वाटत होता, आणि तो तसा मीच तिच्यापुढे ठेवला होता.

कागद बंद केले. आम्ही आजीला अश्दोदला व्हिडिओ कॉल लावला आणि थोरलीने वही उघडली. प्रश्न एकच होता: तुझी आजी सणांना काय म्हणायची? सासूबाईंचं आजोळ पेणकडचं. त्यांनी आधी हसून टाळलं, "अगं ती गावठी नावं." मग एकेक निघालं. रोश हशाना म्हणजे नव्याचा सण. त्यानंतर खिरीचा सण, नव्या तांदळाची नारळाच्या दुधातली खीर. योम किप्पूर म्हणजे दारफळणीचा सण, घराची दारं लावून घ्यायचा दिवस. त्याच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण. दारं उघडायची, दानधर्म करायचा, एकमेकांकडे जायचं. पुरीमला, म्हणजे एस्तेर राणीच्या गोष्टीच्या सणाला, होळीचा सण. पेसाहला अनशी ढाकायचा सण, कारण आंबटाचं भांडं त्या आठ दिवसांत झाकून ठेवायचं. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या दुःखाच्या उपासाला, तिशा बेआवला, बिरड्याचा सण. आणि नव्या वर्षाच्या आधीच्या एलुल महिन्यातल्या उपासांना चक्क रमजान.

"रमजान?" थोरली ओरडली. वर्गातल्या मैत्रिणीचा सण आपल्या वहीत कसा, हे तिला कळेना. मी सांगितलं, उपासाला रोजा आणि जत्रेला उरूस हे शब्दही आपण शेजाऱ्यांकडूनच घेतले. शब्द घेतले, चंद्र आपलाच ठेवला.

ही नावं मी पूर्वी वाचली होती, पण तेव्हा ती मला गमतीची वाटली होती. वहीत मुलीच्या अक्षरात पाहिली तेव्हा निराळंच दिसलं. यांतल्या बहुतेक नावांत गोष्ट नाही. इजिप्त नाही, एस्तेर राणी नाही, मंदिरही नाही. खीर आहे, दार आहे, भांडं आहे, बिरडं आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, असं आपल्याकडे सांगतात. ग्रंथ समुद्रात गेले. उरलं ते अंगवळणी पडलेलं: शेमाची प्रार्थना, सुंता, शनिवारी घाणा बंद. या शनिवारच्या सुट्टीमुळेच कोकणात आपल्याला शनवार तेली म्हणत. पुढे डेव्हिड रहाबी नावाचा पाहुणा आला आणि त्याने बायकांपुढे सगळ्या जातींची मासळी टाकली, तर त्यांनी पर आणि खवले असलेली तेवढीच उचलली, अशी कथा आहे. म्हणजे कृती आधी होती, तिचं कारण शेकडो वर्षांनी कळलं. कोचीहून आलेल्या शिक्षकांनी, मुंबईतल्या जॉन विल्सनसारख्या मिशनऱ्यांनी शिकवलेल्या हिब्रूने आणि मराठीत छापलेल्या हगादांनी, म्हणजे पेसाहच्या रात्री वाचायच्या पोथ्यांनी, ते पोचवलं.

मुलांना उलट्या क्रमाने शिकवण्याचा माझा हट्ट तिथे सुटला. आधी गोष्ट, मग चित्र, मग खाऊ, असा शाळेतला क्रम. त्याऐवजी ठरवलं की प्रत्येक सणाला दोघांनाही एक खरं काम द्यायचं. काम असं की ते त्यांनी केलं नाही तर सण अडेल. कारण त्यांनी विचारलं तरच सांगायचं. ५७८५ हे वर्ष, म्हणजे २ ऑक्टोबर २०२४ च्या संध्याकाळपासून पुढचं एक वर्ष, मी वहीत टिपत गेले.

भोपळा आणि पेरू

नव्याच्या सणाला चिकाचा हलवा. गहू तीन दिवस भिजत, रोज पाणी बदलायचं, मग वाटून पिळून चीक निवू द्यायचा. पाणी बदलणं धाकट्याकडे. दुसऱ्या दिवशी तो नाक धरून आला, "हे सडलंय." फेकणारच होता. आंबट वास म्हणजे बरोबर चाललंय, हे त्याला पटवायला आजीला फोन लावावा लागला. नारळाचं दूध, साखर, चीक असं एकत्र करून ढवळत बसायचं. हात दुखेपर्यंत, आणि मग दुसऱ्याचा हात दुखेपर्यंत. आपल्याकडे मांसाच्या जेवणानंतर दुधाचं चालत नाही, म्हणून या हलव्यात नारळाचं दूध. हे थोरलीने स्वतःच ओळखलं, कारण नारळ खवता खवता तिच्या डोळ्यांपुढे मटणाचं पातेलं होतं.

रात्री ताटात सफरचंद-मध, खजूर, डाळिंब, चवळी, भोपळा. एकेक खाताना एकेक मागणं म्हणायचं, आणि ते मागणं त्या पदार्थाच्या हिब्रू नावावर केलेली कोटी असते. भोपळ्याचं नाव आणि 'फाडून टाक' हे क्रियापद यांचा उच्चार जवळचा, म्हणून 'आमच्यावरचा वाईट निकाल फाडून टाक'. मी हे समजावून सांगितलं आणि कोणी हसलं नाही. दुसऱ्या भाषेतली कोटी समजावून सांगणं म्हणजे विरजलेलं दूध तापवणं. मग थोरली म्हणाली, "मराठीत करू? यंदा गणितात भोपळा नको." टेबल हसलं. धाकट्याने फळांच्या टोपलीतून पेरू उचलला. "हा घेऊन म्हणायचं, चांगलं पेरू!" पेरू कुठल्याच परंपरेत नाही. आमच्या ताटात तो आता कायमचा आहे.

दुसऱ्या दिवशी टेंभी नाक्याला शाआर हाशामाईममध्ये गेलो, १८७९ सालचं आपलं सिनेगॉग. त्याच दिवशी घटस्थापना होती. टेंभी नाक्याची देवी ज्यांना ठाऊक आहे त्यांना पुढचं सांगायला नको. आत शोफार, म्हणजे मेंढ्याच्या शिंगाचा आवाज, आणि बाहेर ढोल. धाकटा बोटांवर शोफार मोजत होता; चाळीसच्या पुढे ढोलाने त्याचा हिशेब चुकवला. बाहेर आल्यावर त्याने विचारलं, "त्यांचं पण नवीन वर्ष आहे का?"

कालनिर्णय

या प्रश्नामुळे मी घरी जाऊन भिंतीवरचं कालनिर्णय काढलं आणि शेजारी ज्यू पंचांग ठेवलं. मला आधी सुचायला हवं होतं. दोन्ही पंचांगं चंद्राची, आणि दोन्ही सूर्याशी जुळवून घेणारी. इथे अधिक मास, तिथे अदार महिना दोनदा, म्हणजे दुसरा अदार, १९ वर्षांत सात वेळा. नव्याच्या सणाचा महिना तिश्री; त्याची प्रतिपदा आणि आश्विन शुद्ध प्रतिपदा अमावास्येनंतरच्या एकाच कोरीची. मग बाकीचं मुलांनीच शोधलं. थोरली ज्यू तारीख वाचायची, धाकटा कालनिर्णयात बोट ठेवायचा. दारफळणीचा उपास १० तिश्री, १२ ऑक्टोबर. "दसरा!" सुक्कोथची, मांडवाच्या सणाची, पहिली रात्र १६ ऑक्टोबर. "कोजागिरी!" पुरीम १४ मार्च. "धुळवड!" पेसाहची रात्र १२ एप्रिल. "हनुमान जयंती." झाडांचा सण तू बिश्वात माघी पौर्णिमेच्या रात्री सुरू. तासभर हे चाललं. एवढी एकाग्रता मी ३३ वर्षांत फार थोड्या वर्गांत पाहिली.

होळीचा सण हे नाव आता कोणाला समजावून सांगावं लागलं नाही.

एक गुंता राहिला. आपला दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, कालनिर्णयात तारखेचा चौकोन एकच. थोरलीने तोडगा काढला: चौकोन तिरपा कापायचा, खालचा त्रिकोण आधल्या दिवसाचा, वरचा पुढच्याचा. वर्षअखेर ते कालनिर्णय त्रिकोणांनी भरलं होतं आणि त्यात दुधाचा हिशेब लिहायला जागा उरली नव्हती. भाचीची तेवढी तक्रार आहे.

गच्चीवरचा मांडव

योम किप्पूरला मुलांना उपास नसतो. धाकट्याने सकाळी दहापर्यंत केला आणि बिस्किट खाल्लं, त्याचं कोणी मनावर घेतलं नाही. दुपारच्या प्रार्थनेत योनाची गोष्ट वाचतात, देवाचं काम टाळून गलबतातून पळालेल्या आणि माशाने गिळलेल्या माणसाची. ती त्याला चांगली कळली. गलबत, वादळ, किनारा, हे आपल्याही गोष्टीत आहे.

सुक्कोथला मांडव घालायचा आणि त्यात जेवायचं. छप्पर झाडापासून तोडलेलं हवं आणि त्यातून आकाश दिसायला हवं. नियम बघितल्यावर बाल्कनी बाद झाली, कारण वर दुसऱ्याची बाल्कनी. गच्चीसाठी सोसायटीच्या सेक्रेटरींकडे अर्ज. अर्ज थोरलीने लिहिला, मराठीत, 'विषय : मांडवास परवानगी मिळणेबाबत'. काकांनी वाचला आणि म्हणाले, "गणपतीचे बांबू जिन्याखाली पडलेत, तेच घ्या. पण सोळा तारखेला कोजागिरी आहे हो गच्चीवर." म्हटलं, आमचीही त्याच रात्री आहे.

झावळ्या कोपऱ्यावरच्या नारळवाल्याकडून. कागदी साखळ्या मुलांच्या. टांगायला सीताफळं, केळी, एक डाळिंब. त्या रात्री गच्चीच्या एका अंगाला मसाला दूध आणि भेंड्या, दुसऱ्या अंगाला झावळ्यांखाली आम्ही. दूध प्यायचं म्हणून जेवणात मटण नको, हा निर्णय थोरलीचा. शेजारची मुलं मांडवात शिरली. आमच्या धाकट्याने त्यांना सांगितलं, "आम्ही चाळीस वर्षं वाळवंटात होतो, तेव्हा असंच राहायचो." कोणी शंका घेतली नाही. एकाने फक्त विचारलं, "मग पाणी?"

मला त्या रात्री बरं वाटलं, पण ते जाऊ द्या.

हनुक्का फसला

पहिली वात यंदा नेमकी २५ डिसेंबरच्या संध्याकाळी. सोसायटीत सांताक्लॉज येऊन गेलेला. आम्ही घाबरलो आणि आठ रात्रींना आठ भेटवस्तू आणल्या. तिसऱ्या रात्री धाकटा वात लावायच्या आधीच विचारायला लागला, "आज काय आहे?" चौथ्या रात्रीची भेट त्याला आवडली नाही आणि तो रडला. पाचव्या रात्री आम्ही भेटी थांबवल्या. तोही रडला, आईही चिडली.

सावरलं ते थोरलीच्या हिशेबाने. एक ते आठ वाती मिळून छत्तीस, वर रोजची एक लावायची वात, म्हणजे चव्वेचाळीस. तेवढ्या वाती तिने कापसाच्या वळल्या आणि खोबरेल तेलात लावल्या. मी त्यांना खरं ते सांगून टाकलं: हनुक्का आपल्या पूर्वजांना माहीतच नव्हता. जेरुसलेमचं मंदिर पुन्हा उजळलं त्याचा हा सण, आणि त्याच्या आधीच ते निघाले असावेत, असं आपल्याकडे मानतात. हा सण फार नंतर शिकलो. "मग आपण का करतो?" कळलं म्हणून करतो, म्हटलं. हे उत्तर मला स्वतःला पुरेसं वाटलं नव्हतं. तिला वाटलं असावं.

केळं झाडाचं की जमिनीचं

तू बिश्वात म्हणजे झाडांचं नवं वर्ष, आणि आपल्याकडे एलियाहू हनाबीचा उरूस. त्या आठवड्यात रविवारी सगळे अलिबागकडे गेलो. तिथल्या खंडाळ्याजवळ (घाटातल्या नव्हे) खडकावरच्या खुणा आहेत. एलियाहू नबी स्वर्गात जाताना त्यांच्या घोड्यांचे टाप तिथे उमटले अशी श्रद्धा. धाकट्याने स्वतःचा बूट त्या खुणेशेजारी ठेवून पाहिला.

तिथे मलिदा केला. भिजवलेले पोहे, ओला नारळ, साखर, वेलची, सुका मेवा, भोवती फळं. प्रत्येक फळावर आशीर्वाद म्हणायचा, आणि आशीर्वाद वेगवेगळे: झाडाच्या फळाला एक, जमिनीतून येणाऱ्याला दुसरा. फळं वेगळी लावायचं काम मुलांकडे. खजूर, सफरचंद, संत्रं झाडाकडे. केळं थोरलीने झाडाकडे ठेवलं, मी उचलून जमिनीकडे. ती हटून बसली. केळ एवढी उंच असते, घड वर लागतो, तर जमिनीचं कसं? मी नियम सांगत होते आणि तो कोणाला पटत नव्हता. शेवटी मलिद्याला आलेल्या एका म्हाताऱ्या काकूंनी नुसतं विचारलं, "घड उतरवल्यावर केळीचं काय करतात गं?" थोरली म्हणाली, कापतात. "आणि आंब्याचं?" झालं. एकदाच फळ देऊन जी जाते आणि बुंध्यातून नवी येते, ती झाड नाही. दोन हजार वर्षांचा वाद वाडीतल्या शेतकऱ्याला आधीच ठाऊक असतो.

पुरीमचं थोडक्यात. एस्तेरच्या पोथीच्या पहिल्याच ओळीत राजाचं राज्य 'होदूपासून कुशपर्यंत' म्हटलंय, आणि होदू म्हणजे हिंदुस्तान. हे ऐकून मुलं ताठ बसली. त्या गोष्टीतल्या दुष्ट हामानाचं नाव आलं की दणका करायचा, त्यासाठी होळीच्या पिपाण्या आयत्या हाताशी. शेजाऱ्यांना खाऊची ताटं पाठवायची, तर आम्ही पाठवलेल्या पुरणपोळ्या जिन्यात वरून येणाऱ्या पुरणपोळ्यांना भेटल्या. चार ताटं गेली, पाच आली, सगळी पुरणपोळीची. पुढच्या वर्षी तिकोनी करंज्या पाठवायच्या असं ठरलं.

ही रात्र वेगळी का

पेसाहची रात्र मुळात मुलांसाठीच रचलेली आहे. 'त्या दिवशी तू आपल्या मुलाला सांग' अशी आज्ञाच आहे, आणि सांगायचं कधी, तर मुलाने विचारल्यावर. म्हणून त्या रात्री मुद्दाम विचित्र गोष्टी करतात: जेवणाआधी भाजी खाऱ्या पाण्यात बुडवायची, भाकर मोडून अर्धी लपवायची. मूल चकित होऊन विचारेपर्यंत थांबायचं. आमच्या नव्या पद्धतीला हा एवढा जुना आधार आहे, हे मला एप्रिलमध्ये सुचलं. उशीरच झाला.

तयारी महिनाभर. पूर्वी घराला चुना देत, तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई करत. आता कल्हईवाला शोधूनही सापडत नाही. आजीची दोन पातेली भिवंडीहून करून आणली. सेदेर, म्हणजे पेसाहच्या पहिल्या रात्रीचं विधीचं जेवण, शनिवारी रात्री आल्यामुळे घरातल्या पावाचा शोध गुरुवारीच उरकायचा होता. दिवा मालवून मेणबत्ती आणि पिसाने पावाचे दहा तुकडे शोधायचे. लपवले थोरलीने, शोधले धाकट्याने. नऊ सापडले. दहावा कुठे लपवला ते तीच विसरली. रात्री अकराला फ्रिजच्या मागे मिळाला.

वाइनऐवजी काळ्या मनुकांचं सरबत. भिजवणं आणि गाळणं मुलांचं, चाखणं पण. खजूर आटवून केलेला गोड लगदा म्हणजे गुलामगिरीतल्या विटांचा गारा. दाराला मी हाताचा ठसा लावला. जुन्या पिढीत बोकडाच्या रक्ताचा पंजा कागदावर उमटवून दारावर टांगत. आम्ही कुंकवासारखा लाल रंग घेतला. शेजारच्या वहिनींनी विचारलं, "लक्ष्मीची पावलं तसं का हो?" नाही, म्हटलं, पण तुमच्याही दाराला काहीतरी असतंच की.

पुस्तक मराठी हगादा. मराठीत हगादा १८४६ साली मुंबईत छापली गेली, १८७४ साली पुण्यात. पुण्याच्या हगादेत भाकरी करणाऱ्या बायका लुगड्यात आहेत. त्या चित्राची छापील प्रत मी मुलांना दाखवली. थोरली बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "यांनी नऊवारी नेसलीय." फक्त एवढंच. बर्फाच्या कागदानंतर बरोब्बर एक वर्ष झालं होतं.

धाकट्याने प्रश्न विचारले, 'ही रात्र इतर सगळ्या रात्रींहून वेगळी का?' हिब्रूत पहिली ओळ, पुढचं मराठीत. तिसऱ्यात अडला, थोरलीने कुजबुजून पुरवलं. मोडलेल्या भाकरीचा तुकडा शोधल्याचं बक्षीस त्याने मागितलं ते असं: उद्या शाळा नको. उद्या रविवार होता, त्यामुळे मिळालं.

शाळेचे खरे दिवस तीनच होते. डब्यात तांदळाची भाकरी आणि बटाट्याची भाजी. भात, भाकरी आपल्याकडे पेसाहला चालते, युरोपातल्या ज्यूंकडे नाही. दुसऱ्या दिवशी थोरलीला वर्गात कोणी विचारलं, रोज भाकरी का? तिने सांगितलं, "आम्हाला घाईने पळावं लागलं होतं, पीठ आंबायला वेळ नव्हता." "कधी?" "साडेतीन हजार वर्षांपूर्वी." त्या मुलीने पोळीभाजीचा डबा पुढे केला आणि थोरलीने नाही म्हटलं. हे तिने घरी येऊन सांगितलं, थोडं फुशारकीने आणि थोडं रडवेलं.

शेवटी आजीने एक घोटाळा केला. इस्राएलमध्ये सण सात दिवसांचा, बाहेर आठ. सोमवारी फोनवर त्या सहज म्हणाल्या, मी काल सकाळीच पाव खाल्ला. धाकटा खवळला. "आम्ही काल भाकरी खात होतो आणि तू पाव?" चंद्र दिसल्याची बातमी लांबच्या गावांना वेळेवर पोचायची नाही म्हणून एक दिवस जास्त धरत, हे समजावलं. "पण आता मोबाइल आहे," तो म्हणाला. यावर माझ्याकडे काही नव्हतं.

बिरडं

शाबुओथ, दहा आज्ञा मिळाल्याचा सण, जूनच्या सुरुवातीला आला आणि गेला. दुधाचे पदार्थ केले, दहा आज्ञा वाचल्या. वहीत त्यापुढे काही लिहिलेलं नाही. लगेच दहा-अकरा दिवसांत इस्राएल-इराण युद्ध पेटलं आणि आजीचा फोन इमारतीतल्या सुरक्षित खोलीतून येऊ लागला. तिथे बसून त्या मुलांना पाढे विचारत.

म्हणून बिरड्याच्या सणाची मला भीती वाटत होती. ९ आव, ३ ऑगस्ट, श्रावणातला रविवार. जेरुसलेमचं पहिलं मंदिर बाबिलोनी फौजांनी पाडलं, दुसरं इ.स. ७० मध्ये रोमनांनी. एवढ्याशा मुलांना विध्वंस कसा सांगायचा, तोही आजी तिथे असताना? मी ठरवलं की सांगायचंच नाही, फक्त बिरडं करायचं.

शुक्रवारी वाल भिजत घातले, मग उपसून फडक्यात बांधून ठेवले. रविवारी दुपारी मोड आलेले, कोमट पाण्यात टाकले आणि सगळे जमिनीवर सोलायला बसलो. जमिनीवर बसणं हा त्या दिवसाचा नियमच आहे, पण वाल सोलायला माणूस खालीच बसतो. दाणा चिमटीत धरला की साल सुटते, डाळिंबी बाहेर येते. काम कंटाळवाणं, हात गुंतलेले, कोणी कोणाकडे बघत नाही. घरात उपास, त्यामुळे मोठी माणसं गप्प. अर्ध्या तासाने धाकट्याने, मान खाली, विचारलं, "आजीचं घर पडेल का?"

भाचीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, आपल्याला नाही माहीत. आत्ता नाही पडलेलं. "पूर्वी कोणाचं पडलं होतं?" मग मी सांगितलं, जेवढं विचारलं तेवढंच. लोक कुठे गेले? वेगवेगळीकडे. "काही नवगावला?" तसं म्हणतात. तो पुढचे चार-पाच दाणे सोलत राहिला. थोरलीने विचारलं, "म्हणजे बिरड्याचा सण करायचे तेव्हा त्यांना माहीत होतं, मंदिराचं?" कदाचित नसेल. "मग ते कशाचं दुःख करायचे?" मी उत्तर दिलं नाही. ती म्हणाली, "मला वाटतं, काहीतरी पडलं होतं एवढं आठवत असेल."

सूर्यास्तानंतर खोबरं, कोथिंबीर, आमसूल घातलेलं बिरडं आणि गरम भात. धाकट्याने दोनदा वाढून घेतलं.

वर्षानंतर

हिब्रूत फार प्रगती नाही. शेमा पाठ, शुक्रवार रात्रीच्या किद्दुश प्रार्थनेच्या पहिल्या दोन ओळी, बाकी गुणगुणणं. भाचीच्या नवऱ्याने मला स्पष्ट सांगितलं की मावशी, खाण्यावर जरा जास्तच भर झाला. त्याचं चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. प्रार्थनेसाठी त्याने आता शुक्रवारची संध्याकाळ स्वतःकडे घेतली आहे. २०२५ च्या रोश हशानाला गव्हाचं पाणी बदलायला धाकट्याला कोणी आठवण केली नाही. आंबट वास आला तसा तो ओरडत आला, "बरोबर चाललंय!"

मग २०२६ चं कालनिर्णय घरात आलं. थोरलीने कात्रीआधी पेन्सिल घेऊन दोन्ही पंचांगं मांडली. संध्याकाळी मला फोन. आवाज घाबरलेला. "मावशी आजी, बिघडलंय. होळी बरोबर आहे, पुढे सगळं चुकतंय. नव्याचा सण १२ सप्टेंबरला आणि घटस्थापना ११ ऑक्टोबरला."

मी म्हटलं, ज्येष्ठ बघ. तिने पानं उलटल्याचा आवाज आला. "अधिक ज्येष्ठ." आणि ज्यू पंचांगात? तिथे जास्तीचा महिना कुठे आहे? बराच वेळ गेला. पुढच्या वर्षाचं पंचांग वडिलांच्या फोनवर काढलं असणार. "दुसरा अदार... २०२७ मध्ये. म्हणजे त्यांचा महिना आधी आला, आपला नंतर. नाही, थांब. आपला आधी आला, आपला नंतर."

मग जुळेल ना, मी विचारलं.

"२०२७ ला जुळेल." मागून धाकट्याचा आवाज आला. यंदा नव्याच्या सणाला काय असेल ते त्याला हवं होतं. तिने बोट फिरवलं असावं. "१४ सप्टेंबरला गणपती येतात," ती त्याला म्हणाली. "हलवा आणि मोदक. गच्चीवरचे बांबू मात्र सुक्कोथच्या आधी मोकळे झाले पाहिजेत, काकांना आत्ताच सांगून ठेवू."